शहराची शीव कोठवर?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी भाची हुबळीहून आमच्याकडे राहावयास आली होती. मुलगी सातव्या इयत्तेत शिकते. सुटीतला अभ्यास म्हणून तिला ‘माझे शहर’ या नावाचा एक नकाशा काढावयाचा होता. दोन दिवस खपून तिने तो काढला आणि मामा शिक्षक म्हणून तपासावयास माझ्यापुढे ठेवला. नकाशा खरोखरच चांगला होता. रेल्वे स्टेशन होते, उणकलचा तलाव होता, धारवाडकडे जाणारा हमरस्ता होता आणि त्याच्या मधोमध बसगाड्यांसाठी राखलेली वेगळी वाट तांबड्या रंगाने दाखविली होती. बाजार, शाळा, दवाखाना आणि शेवटी तिचे स्वतःचे घर. घराच्या गच्चीवर काळी टाकी, अंगणात निळे पिंप आणि पिंपावर एक नळ.

शिक्षकाची खोड जात नाही. मी विचारले, “या नळाला पाणी कोठून येते?”

“टाकीतून.”

“आणि टाकीत?”

“मोठ्या पाइपातून.”

“आणि त्या पाइपात?”

पोर जरा थांबली आणि म्हणाली, “ते आम्हांला अजून शिकवलं नाही, मामा.”

मुलीचे उत्तर ऐकून घरातली मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण शहरांचे आराखडे करणारी थोर, शिकलेली माणसेही बहुतेक हेच उत्तर देतात. आराखड्यात रस्ते असतात, उड्डाणपूल असतात, बागा असतात; परंतु पालिकेची हद्द संपली की कागदही संपतो. नळाच्या पाठीमागे जे गाव असते, जो डोंगर असतो, जे रान असते, ते त्या कागदावर कोठेच नसते. शहराची खरी शीव कोठवर मानावी, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही दोघे कणकुंबीला गेलो. खानापूर तालुक्यातील हे गाव जांबोटीपासून सुमारे सोळा किलोमीटरांवर, चोर्ला घाटाच्या माथ्याशी वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर, माउलीच्या देवळाजवळ, मलप्रभा नदी उगम पावते. आमचा धर्म निराळा. परंतु उगमापाशी पायांतल्या चपला काढावयास कोणाचाही धर्म आड येत नाही. भाचीने ओंजळीत पाणी घेतले. तिला म्हटले, “तुझ्या नळाचे दुसरे टोक हे बघ.” तिचा विश्वास बसेना. एवढेसे पाणी आणि एवढे मोठे शहर!

पण गोष्ट खरी आहे. येथून निघालेली मलप्रभा खानापूरवरून पूर्वेकडे वळते, पट्टदकल आणि ऐहोळे या प्राचीन मंदिरांच्या गावांना स्पर्श करते आणि सुमारे ३०४ किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. वाटेत सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थ येथे तिच्यावर १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत मोठे धरण झाले. त्याच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात. त्याची साठवण ३७.७३ अब्ज घनफूट, म्हणजे हल्लीच्या बोलीत तितके टीएमसी आहे. या पाण्यावर सुमारे दोन लाख हेक्टर शेती भिजावी, अशी योजना होती. हुबळी-धारवाड या जोडशहराला पिण्याचे पाणीही मुख्यतः येथूनच जाते.

कणकुंबीची आणखी एक गंमत आहे. पावसाळ्यात हे गाव आठवडेच्या आठवडे धुक्यात आणि धारांत बुडालेले असते. जिल्ह्यातील सर्वांत अधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. परंतु येथे पडलेला सगळाच पाऊस एका दिशेने जात नाही. गाव पाणलोटाच्या धारेवर बसलेले आहे. एका अंगाचे पाणी मलप्रभेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. दुसऱ्या अंगाचे पाणी कळसा नाल्याने पश्चिमेकडे उतरून म्हादईला मिळते. हीच म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच घराच्या पाख्याचे पागोळीचे पाणी पुढल्या दारी पडले तर एका समुद्राला जावे आणि मागल्या दारी पडले तर दुसऱ्या, असा हा प्रकार. कणकुंबीचा म्हातारा शेतकरी हे सहज बोलून जातो. शहरातल्या माणसाला मात्र ते समजून सांगावे लागते.

याच धारेवर गेली अनेक वर्षे तीन राज्यांचा वाद उभा आहे. पश्चिमेकडे जाणारे कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी वळवून मलप्रभेत आणावे, ही कल्पना १९८० नंतरच्या दशकात पुढे आली. २००६ साली कणकुंबीजवळ कालव्याच्या कामास आरंभ झाला. गोव्याने हरकत घेतली. २०१० साली केंद्र सरकारने लवाद नेमला. २०१४ मध्ये कालव्याचे तोंड भिंत घालून बंद करावे लागले. २०१५ पासून नरगुंद-नवलगुंद भागातील शेतकऱ्यांनी हे पाणी मिळावे म्हणून दीर्घ आंदोलन केले. अखेर १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाचा निवाडा झाला. त्यात मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्यासाठी ३.९ टीएमसी पाणी मान्य करण्यात आले: कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. फेब्रुवारी २०२० मध्ये निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखड्यास मान्यता दिली. त्यानंतर अभयारण्याच्या कायद्याचा प्रश्न पुढे आला.

श्रोतेहो, या वादात मी कोणत्या बाजूचा, असे मला कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. माझी थोरली बहीण हुबळीला नांदते. तिच्या वस्तीत नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्या रात्री पाणी यावयाचे त्या रात्री ताई अलार्म लावून उठते, पिंपे भरते, हंडे भरते, कळशा भरते आणि पहाटे पाठ धरून निजते. भाचीच्या नकाशात पिंप उगाच आलेले नव्हते. अशा बहिणीला ‘पाणी मागू नको’ असे कोणता भाऊ म्हणेल?

परंतु म्हादईच्या काठालाही माझे आप्त आहेत. नाताळच्या सुटीत आम्ही चोर्ला घाट उतरून सत्तरीत त्यांच्याकडे जातो. तेथील दाबोसच्या शुद्धीकरण केंद्रात म्हादईचेच पाणी उचलून गावोगाव पुरविले जाते. नदीचे गोडे पाणी कमी झाले की भरतीचे खारे पाणी आणखी वर चढते आणि खाजणांतील शेतीवर त्याचा परिणाम होतो, ही त्यांची भीती काल्पनिक नव्हे. आणि मधे आम्ही, उगमाची माणसे. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. तरी मे महिन्यात वाडीतल्या बायका घागर घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. कालवा जेथे खणला गेला त्याच डोंगरावर मी हे दृश्य पाहिले आहे. उगमस्थानी मराठी बोलणारे, खालच्या शहरांत कन्नड बोलणारे, घाटाखाली कोंकणी बोलणारे. पाण्याला यांतली एकही भाषा येत नाही, पण तहान मात्र तिन्ही भाषांत सारखीच लागते.

तेव्हा कोणाची बाजू घ्यावी, यापेक्षा हिशेब काय सांगतो ते पाहू. मी गणिताचा शिक्षक आहे. वर्गात हे गणित मुलांकडून करवून घेतले आहे.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कळशाचे १.७२ टीएमसी म्हणजे सुमारे ४,८७० कोटी लिटर. वर्षाच्या दिवसांनी भागले तर दररोज तेरा कोटी लिटरांहून थोडे अधिक. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे, असे आपल्याकडे प्रमाण मानले जाते. या प्रमाणाने कळशाचे पाणी सुमारे ९ लाख ८८ हजार माणसांना वर्षभर पुरेल. २०११ च्या खानेसुमारीत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९ लाख ४३ हजारांच्या आसपास होती. म्हणजे एकट्या कळशाच्या पाण्यात, कागदावर तरी, त्या वेळचे सबंध जोडशहर भागले असते.

येथवर गणित शहराच्या बाजूचे झाले. आता दुसरी पायरी. आपल्या देशातील शहरांत नळांत सोडलेल्या पाण्यापैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी हिशेबाबाहेर जाते, असे अंदाज वेळोवेळी सांगितले जातात. काही चोरीला जाते, काही मोजलेच जात नाही आणि बरेचसे जुन्या फुटक्या नळांतून जमिनीत मुरते. उद्या कळशाचे पाणी त्याच नळांत सोडले, तर तीन घागरींतील एक घागर वाटेतच सांडावयाची. मुलांनी उत्तर काढले: सव्वातीन लाख माणसांचे पाणी. एका मुलाने विचारले, “सर, मग आधी घागर सांधायची की नाही?” या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही, पण शहाणपणात आहे.

घागर सांधता येते, याचा पुरावा दूर शोधावयास नको. जागतिक बँकेच्या साहाय्याने कर्नाटकात एक योजना झाली आणि २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव व कलबुर्गी या शहरांच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाणी देऊन दाखविण्यात आले. त्या भागांपुरते जुने नळ काढून नवे घातले, प्रत्येक घराला मीटर बसविले, गळती शोधून बुजविली. पुढे संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये पाण्याची तपासणी केली, तेव्हा चोवीस तास वाहणाऱ्या नळांतले पाणी थांबूनथांबून येणाऱ्या नळांतल्या पाण्यापेक्षा स्वच्छ आढळले. कारण समजण्यासारखे आहे. नळ भरलेला असेपर्यंत आतले पाणी फटीतून बाहेर ढकलले जाते. नळ रिकामा झाला की त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून काही दिवसांआड येणारे पाणी हे केवळ अपुरे नसते, ते रोगटही होऊ शकते. माझ्या ताईला पाणी हवे आहे हे तर खरेच. पण त्याआधी तिला धड नळ हवा आहे.

श्रोत्यांपैकी पुष्कळजण बेळगावचे असतील. त्यांनी हा प्रश्न हुबळीकरांचा म्हणून सोडून देऊ नये. बेळगावला पाणी येते ते मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरील हिडकलच्या धरणातून. मार्कंडेय खानापूर तालुक्यातील बैलूरच्या डोंगरात उगम पावते; घटप्रभा सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावरून येते. म्हणजे बेळगावही सह्याद्रीच्याच रानाचे पाणी पिते.

जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’साठी देशातील पहिली वीस शहरे निवडली गेली, त्यांत बेळगाव होते. त्यामुळे रस्ते झाले, दिवे लागले, उद्याने सजली. परंतु येळ्ळूर, शहापूर, वडगावकडील शेतकऱ्याला विचारा. शहराचे सांडपाणी घेऊन जाणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगतो आणि ज्या जमिनीने बेळगावच्या बासमतीला नाव मिळवून दिले, त्या भातशेतीत पसरतो. हलगा ते मच्छे या वळणरस्त्यासाठी सुपीक जमीन घेण्याला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयाचे दार ठोठावले. ही भातशेती म्हणजे शहराशेजारी पडलेली रिकामी जागा नव्हे. पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरविणारी ती शहराची उघडी टाकी आहे. तिच्यावर काँक्रीट घातले तर शेतकऱ्याची पोळी जाईल आणि शहराची विहीरही आटेल.

विहिरीवरून आठवले. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी त्यांच्या आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते येथे. टिळकवाडीच्या माळावर ‘विजयनगर’ नावाची छावणी उभारली गेली. हजारो माणसे येणार म्हणून गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या गोष्टी केल्या? एक तात्पुरते रेल्वे स्थानक केले आणि एक मोठी विहीर खणली. माणसे येणार कशी आणि पिणार काय, हे दोन प्रश्न त्यांनी सोडविले. ती विहीर ‘काँग्रेस विहीर’ म्हणून आजही टिळकवाडीत आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात टंचाई आली, तेव्हा बेळगावात जुन्या विहिरींचा गाळ काढून त्यांचे पाणी पुन्हा वापरात आणले गेले. नगररचनेचा याहून साधा धडा मला ठाऊक नाही. छावणी चार दिवसांची होती, म्हणून तिच्या पाण्याचा विचार झाला. शहर कायमचे आहे, म्हणून आपण तो विसरलो.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे माणसे येणार-जाणार कशी, याकडे वळतो. हुबळी-धारवाडच्या दरम्यान सुमारे बावीस किलोमीटरांचा वेगळा बसमार्ग झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यावर बसगाड्या धावू लागल्या. त्यामागील विचार योग्य होता. पन्नास-साठ माणसे वाहून नेणारी बस रस्त्याची जी जागा अडविते, त्याच जागेत दोन-तीन मोटारी मावतात आणि त्यांत माणसे असतात पाच-सहा. बस वेळेवर आली, तर माणूस आपली फटफटी आपण होऊन घरी ठेवतो. तथापि या रस्त्याच्या रुंदीकरणात पुष्कळ जुनी झाडे गेली. बस आणावयाची ती हवा चांगली राहावी म्हणून, आणि तिच्यासाठी सावली तोडावयाची, हा हिशेब कोठेतरी चुकतो. वाहतुकीचा आराखडा एका कचेरीत आणि झाडांचा दुसऱ्या कचेरीत, असे झाले की असेच व्हावयाचे.

डोंगरात हाच प्रश्न निराळे रूप घेतो. चोर्ल्याचा रस्ता बेळगावहून गोव्याला जाण्याची जवळची वाट. बेळगावचे दूध आणि भाजीपाला याच वाटेने घाट उतरतो. अवजड मालमोटारी वाढल्या, सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारींची रांग लागू लागली. रस्ता रुंद करा, ही मागणी ओघानेच आली. परंतु आमच्या डोंगराची रचना पाहावी लागते. वर जांभ्याचे सच्छिद्र कातळ असते. पावसाचे पाणी त्यात मुरते, आतल्या घट्ट थरावर थांबते आणि हळूहळू उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. एप्रिल-मेमध्ये आम्ही पितो ते जून-जुलैचे पाणी. रस्त्यासाठी उतार कापला, की ही आतली वाटच तुटते.

माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर एक झरा होता. शाळेतली मुले तेथे दप्तर टेकवून पाणी पीत. काही वर्षांपूर्वी कोणा कंत्राटदाराच्या यंत्राने रस्त्याच्या कडेचा चढ कापून गटार खोदले. काम चांगले झाले, गटार सरळ झाले. पुढल्या उन्हाळ्यात झरा आला नाही. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यातही आला नाही. यात कोणाचे पाप नव्हते. झरा कोणाच्या नकाशातच नव्हता. जे नकाशात नसते ते वाचविण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

आणि ज्यांच्या दारावरून हा रस्ता जातो त्यांना काय हवे? त्यांना वेळेवर येणारी बस हवी. आमच्या वाड्यांतल्या मुली दहावीपर्यंत चालत येतात. पुढच्या शिक्षणासाठी खानापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. सायंकाळची गाडी चुकली तर घाटमाथ्यावर अंधार होतो, म्हणून आईबाप शिक्षण थांबवितात. माझ्या हातून शिकून गेलेल्या चार हुशार मुली अशा घरी बसल्या. रुंद रस्त्याने त्या कॉलेजात गेल्या नसत्या. पहाटे जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी एक बस त्यांना पुरली असती. रस्त्याची रुंदी मोटारींवरून ठरविण्याआधी त्यावरून कोण जाऊ शकत नाही, हे मोजावयास नको काय?

मग उपाय कोणते? मी तज्ज्ञ नाही. पण जगात इतरत्र जे झाले आहे त्यावरून दोन-चार गोष्टी सुचवितो.

न्यूयॉर्क हे अमेरिकेतले सुमारे ९० लाख माणसांना पाणी पुरविणारे शहर. त्याचे पाणी दोनशे किलोमीटरांपर्यंतच्या अंतरावरून, कॅट्स्किलच्या डोंगरांतून येते. पाणी शुद्ध राखण्याची निकड भासली, तेव्हा प्रचंड खर्चाचे शुद्धीकरण केंद्र बांधावयाचे की डोंगर सांभाळावयाचा, हा प्रश्न पडला. १९९७ साली शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. गावांचे मैला-सांडपाणी नीट करण्यास, शेतकऱ्यांना गोठ्याची घाण ओढ्यात जाऊ न देण्यास आणि रान राखण्यास शहराने पैसा दिला. हा खर्च केंद्र बांधण्याच्या खर्चाहून पुष्कळ कमी पडला.

‘ते श्रीमंत, आपण गरीब’ असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याच देशातले उदाहरण देतो. हिमाचल प्रदेशात पालमपूर नावाचे छोटे शहर आहे. त्याला बोहल नावाच्या झऱ्याचे पाणी मिळते. २०१० साली पालमपूरच्या नगरपरिषदेने झऱ्याच्या वरच्या गावांतील वनसमितीशी करार केला. गावकऱ्यांनी झऱ्याचे रान राखावे आणि शहराने त्यांना दरवर्षी १०,००० रुपये द्यावेत. रक्कम लहान आहे. तत्त्व मोठे आहे. शहराने मान्य केले की आपली शीव झऱ्यापर्यंत आहे.

हेच तत्त्व आपल्याकडे का येऊ नये? हुबळी-धारवाडच्या आणि बेळगावच्या पाणीपट्टीतील अल्पसा भाग कणकुंबी, जांबोटी, बैलूर या उगमाकडील गावांच्या रानासाठी, झऱ्यांसाठी आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवता येईल. उगमाच्या गावातील बाईने मे महिन्यात घागर घेऊन हिंडावे आणि तिच्या डोंगराचे पाणी कित्येक कोस दूर जावे, हा न्याय नव्हे. दुसरी गोष्ट, नवे पाणी मागण्याआधी शहराने जुन्या पाण्याचा हिशेब जाहीर करावा: किती आले, किती पोहोचले, किती सांडले. तिसरी, उणकलसारखे तलाव आणि काँग्रेस विहिरीसारख्या विहिरी शोभेसाठी नव्हे, वापरासाठी स्वच्छ ठेवाव्यात. चौथी, घाटातला रस्ता करताना आधी झऱ्यांची नोंद करावी आणि रुंदीआधी बसचे वेळापत्रक तपासावे.

एवढे करूनही शहराची तहान उरली, तर म्हादईच्या पाण्याविषयी गोव्याशी बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल. आपली घागर सांधलेला शेजारी पाणी मागू लागला तर त्याला नाही म्हणणे जड जाते. फुटकी घागर घेऊन आलेल्याला मात्र कोणीही दारातूनच परत पाठवितो. भीमगड आणि म्हादई ही दोन्ही अभयारण्ये याच डोंगराच्या दोन अंगांस आहेत. तेथील रान राज्यांची हद्द जाणत नाही; ते पाऊस धरून ठेवते आणि दोन्हीकडे वाटून देते. ते रान गेले, तर वाटावयास पाणीच राहणार नाही आणि मग निवाडा कोणाच्याही बाजूने लागला तरी त्याचा उपयोग नाही.

कणकुंबीहून परत येताना भाची गप्प होती. घरी आल्यावर तिने नकाशा पुन्हा काढावयास घेतला. घरापासून नळ, नळापासून टाकी, टाकीपासून सौंदत्तीचे धरण, तेथून खानापूर आणि मग डोंगर. थोड्याच वेळात ती माझ्याकडे आली. म्हणाली, “मामा, कागद पुरत नाही.” मी तिला दुसरा कागद दिला. तो तिने पहिल्याला खळीने चिकटविला आणि त्यावर डोंगर, रान, कुंड आणि घागर घेतलेली एक बाई काढली.

जून महिन्यात ताईचे पत्र आले. शाळेत त्या नकाशाची बाईंनी चौकशी केली. हा दुसरा कागद कशाला जोडलास, असे विचारले. मुलीने सांगितले, “हेसुद्धा आमचंच शहर आहे.” श्रोतेहो, आपल्या नगरपालिकांच्या नकाशांना असा एक दुसरा कागद जोडला जाईल, तर माझ्यासारख्या खेड्यातल्या शिक्षकाला आणखी काही मागावयाचे नाही.